वार काढणारे हात

लाटंबार्सेतल्या आमच्या वाड्यावर गाय व्याली आणि वासरामागची वार पडली नाही की आईला बोलावणे येई. तिचा हात निमुळता. कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळून ती गोठ्यात बसे, गाईशी बोलत राही आणि न ओढता, न तोडता वार बाहेर काढी. वडील चिडवत, "लग्नाक बोलवूक इसारतत, वार अडाकली काय मात्र बरी आठवण जाता." आई हसे आणि जाई.

पहिली गाय गाभडली ती शेजारच्या काकींची. घाटावरच्या बाजारातून आणलेली, सातवा महिना. वासरू मेलेलेच पडले, पण पूर्ण घडलेले होते. खूर तेवढे मऊ. वार आईने काढली. काही आठवड्यांनी आमची गाय गाभडली. आम्ही वासरू फणसाखाली पुरले, पण खड्डा उथळ झाला आणि कुत्र्यांनी तो उकरला. मग वाड्याच्या टोकाच्या घरची. दृष्ट लागली असे ठरले. वाड्याच्या राखणदार देवाला जाड भाकरीचा रोट आणि नारळ दिला गेला.

त्यानंतर गुरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला नेले. तिन्ही गाईंना ब्रुसेलोसिस निघाला. डॉक्टरांनी आमच्या अंगणात सगळ्यांना समजावले: हा जंतू गाभण गाईच्या गर्भाशयात वाढतो, वार सडवतो, वासरू आतच मरते. बाहेर पडलेल्या वासरात, वारेत, सोबतच्या पाण्यात तो असतो. दुसरी गाय त्या पाण्याने भिजलेले गवत चाटते, तिलाही लागतो.

"वार कोणी काढली?" त्यांनी विचारले.

"आमच्या वयनीन," काकी आईकडे बघत कौतुकाने म्हणाल्या. "तिन्ही गोरवांची. हात हलको तिचो."

डॉक्टरांनी आईच्या हातांकडे पाहिले. "हातांनी, कपड्यांनीही तो जातो," ते म्हणाले. "पण इथे नेमका कसा पसरला ते मला सांगता येणार नाही. कुत्र्यांनी खड्डाही उकरला होता." आईकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्हाला ताप येतो?"

येत होता. संध्याकाळी चढे, घाम येऊन उतरे, सांधे दुखत. ती वयाला दोष देत होती. तिचेही रक्त तपासले, तोच जंतू निघाला. बरेच आठवडे गोळ्या घेतल्यावर ताप गेला. आमची गाय आता इतर गुरांपासून वेगळी, मागच्या बाजूला बांधलेली असते. तिला विकायचे नाही, असे आईनेच ठरवले.

वाड्याने आईला एका शब्दाने दुखावले नाही. बोलावणेही थांबले नाही. काकींची गाय पुन्हा गाभण राहिली आणि या खेपेला दिवस भरून व्याली. एकदा गाभडलेली गाय पुढे बहुधा पूर्ण दिवस घेते. जंतू मात्र तिच्या अंगात राहू शकतो. दुपारी काकी पायरीपाशी आल्या.

"वयनी, येशी गे? वार पडाक नाय."

"डॉक्टराक फोन कर."

"ते फाल्यां सकाळी येतले म्हणतत. हातमोजे दिल्यानीत गे त्यांनी? ते घाल."

"माझो हात नाका."

"तुझ्यार कोणी आळ घेतलो काय?"

"नाय गे, कोणी घेवक नाय. म्हणानच नाका."

काकी माघारी गेल्या. पलीकडून त्यांच्या गाईचे हंबरणे येत होते. आई आत-बाहेर करत राहिली. एकदा कुंपणापर्यंत गेली आणि परत आली.

दिवेलागणीला काकींनी पलीकडून हाक दिली, "पडली गे! आपशीच पडली. वासरू पिता."

"बरां जालां," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाय बघून आमच्याकडे पाणी प्यायला थांबले. आईने विचारले, आत हात न घालताही वार पडते का? पुष्कळदा पडते, ते म्हणाले. हल्ली आम्हीही शक्यतो ओढत नाही, वाट पाहतो, औषध देतो.

ते गेल्यावर आई ओट्यावर येऊन बसली.

"मगे इतकी वर्सां," ती म्हणाली, "माका कित्याक बोलवत होते?"