पुसलेलं लेबल

वाशीच्या बाजारात एकाचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. बल्ब देण्याआधी तो कानाशी हलवून ऐकायचा, मग होल्डरला लावून दाखवायचा आणि उजेड पडला की स्वतःच खूश व्हायचा. आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यातले टेबललॅम्पही तो ठेवायचा. फक्त रॉकेलच्या बोळ्याने आमचं लेबल पुसून काढायचा आणि फॉरेनचे म्हणून विकायचा. मी त्याच कारखान्यात लॅम्प जोडतो, हे त्याला ठाऊक होतं. तरी माझ्यादेखत पुसायचा.

"माल तुमचा एक नंबर हाय," तो म्हणायचा. "पन लेबल वाचलं का गिऱ्हाईक हात लावत नाय."

एकदा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तिथे लॅम्प बघत होते. दांडी वाकवून, बटण दाबून मला म्हणाले, "याला म्हणतात फॉरेनचा माल. आपल्या लोकांना हे जमायचं नाही."

आमच्या कामाचं एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, हा आमच्याच कारखान्यातला आहे. या दांड्या मीच बसवतो."

त्यांनी लॅम्प पुन्हा हातात घेतला. आता त्यांना दांडी सैल वाटली, रंग भडक वाटला. "मग राहू दे," म्हणून ते निघून गेले.

दुकानदार माझ्यावर चिडला नाही. लॅम्प बंद केला, त्यावरचे बोटांचे डाग शर्टाच्या टोकाने पुसले आणि परत फळीवर ठेवला.

"कारखान्यात सांगा," तो म्हणाला, "लेबलाला डिंक जरा कमी लावा. पुसाया बरं पडंल."