एका दावणीची जोडी घ्यायची नाही

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. कारण काय, तर ग्राफिक्स कार्ड! भावानं जळगावला शिकताना जुना कॉम्प्युटर घेतला होता. तो आता सोनगीरजवळच्या आमच्या गावात, ओसरीवर, आमच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, बियाण्याच्या पोत्यांशेजारी बसला होता. गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ त्यावर रडत रडत चालायचा; चित्रं धड पळायला त्यात हे कार्ड बसवावं लागणार होतं. दिवाळीनंतर भाऊ पुण्याला नोकरीला जाणार होता. त्याच्यासोबत ती शर्यत एकदा धड खेळायची, एवढंच मला हवं होतं. मग कोण जाणे पुन्हा कधी.

जळगावचा दुकानदार म्हणाला, एकच दमदार कार्ड घ्या, डोक्याला ताप नाही. धुळ्याचा म्हणाला, छे, स्वस्तातली दोन घ्या, मधे पट्टी जोडा, दोघं मिळून दुप्पट ओढतात. जळगावात असलो की मला एक पटायचं, धुळ्यात आलो की दोन. भाऊ वैतागून म्हणाला, "तुझं एकदा काय ते ठरव बुवा!" मी काय ठरवणार, कपाळ?

शेवटी आम्ही नानांना विचारलं. नानांनी जन्मभर बैलबाजार केलेले. दोन म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"जोडीच ल्या," ते म्हणाले. "पन एकच मानूसपाईन जोडी लेवानी नही. एक लेवाना, औतले जुपीसन देखाना, मंग दुसरा."

एकाच माणसाकडून जोडी घेतली की विकणारा चांगल्या बैलासोबत एक आळशी खपवतो, आणि एकाची खोड दुसऱ्याआड लपते, हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत. आम्हाला ते इतकं पटलं की दोघांनीही पुढे काही विचारलं नाही. पहिलं कार्ड जळगावहून आणलं, लावून पाहिलं. झकास! मग दुसरं धुळ्याहून आणलं, तेही एकटं लावून पाहिलं. तेही झकास. मग दोन्ही बसवली, पट्टी जोडली आणि पडदा काळाठिक्कर.

उलटसुलट करून पाहिलं. पट्टी काढली, घातली, फुंकली. नाना शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "दोन्ही शहाना शेतस, मंग जुपावर का बरं आडतस?" एकेकटे शहाणे बैल जुंपल्यावर अडावेत, तसंच त्यांना हे वाटत होतं. धुळ्याच्या दुकानदारानं सांगितलं, दोन्ही एकाच कंपनीची लागतात हो, हे आधी विचारायचं ना! फोडलेला डबा तो परत घेईना, जळगाववालाही घेईना. मला नानांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. आणि राग आला म्हणून स्वतःचाच राग आला.

सुट्टी संपली. एका कार्डावर एका वेळी एकालाच खेळता यायचं, दोघांच्या गाड्या पडद्यावर आल्या की खेळ अडकायचा. आमची शर्यत झालीच नाही.

भाऊ निघाला त्या सकाळी नानांनी धुळ्याचं कार्ड आपल्या टॉवेलात गुंडाळलं आणि त्याच्या बॅगेत ठेवलं. पुण्यात त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. मी चिडून म्हणालो, "नाना, तो काय करणार त्याचं?"

"जोडी जुळनी नही," नाना म्हणाले, "तर एकेक जन एकेक संभाळा."

भावाभावांच्या वाटणीत बैल असेच देतात. भावानं बॅगेची चेन लावली.

नाना तेव्हा भोळेपणानं बोलले की समजून, मला अजून कळलेलं नाही. पण पुढच्या दिवाळीला भाऊ आला, तेव्हा चहासुद्धा न घेता त्यानं बॅगेतून तो टॉवेल काढला. आम्ही कॉम्प्युटर उघडला, दोन्ही कार्डं बसवली, पट्टी जोडली. चालणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तेच. पडदा काळाच राहायचा, आणि त्यात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलेले दिसायचो.