सहा दिवसांची आंटी

बॅग भरून झाली होती. टोपी, दोन टॉवेल, उलटीच्या गोळ्या, चिवड्याचा डबा. माझी लेक पलंगावर मांडी घालून बसली होती. काहीतरी बोलायचंय पण धीर होत नाही, असा तिचा चेहरा. शेवटी म्हणाली, "आई, एक कंडिशन आहे."

"बोल."

"तिकडे तू माझी आई नाहीस."

मी चेन लावता लावता थांबले.

"म्हणजे आहेस," ती घाईघाईने म्हणाली, "पण तिकडे नाही. बाकी कोणाची मम्मी थोडीच येतेय? तू सगळ्यांची आंटी. मला बाळा म्हणून हाक नाही मारायची. माझी वेणी नाही घालायची. आणि जेवलीस का, हे तर बिल्कुल नाही विचारायचं."

ती तेव्हा पाचवीत होती. शाळेची कोकणात सहल ठरली होती, सहा दिवसांची. त्यातले जवळजवळ तीन दिवस गाडीतच जाणार होते. बरोबर वर्गाच्या मॅडम आणि पीटीचे सर होते. आणखी एक बाई हवी होती, मराठी बोलणारी असली तर उत्तम, कारण मुक्काम एका खेड्यात, शेतकरी कुटुंबाकडे होता. आमच्या दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये मराठी आया काही कमी नाहीत, पण नेमकी रजा मंजूर झाली ती माझी. लेकीला आधी आनंद झाला होता. मग दोन दिवस तिने विचार केला आणि ही अट काढली.

"मान्य," मी म्हणाले आणि हात पुढे केला. एखादा करार झाल्यासारखा तिने तो गंभीरपणे हलवला.

नोव्हेंबर होता. निजामुद्दीनच्या प्लॅटफॉर्मवर सकाळी समोरची गाडीसुद्धा धुरात अर्धी विरघळलेली दिसत होती. सव्वीस मुलं, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, डोक्यावर शाळेच्या पिवळ्या टोप्या. गाडी सुटल्यावर मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाटत फिरले. लेकीसमोर आले तेव्हा तिने कागदी प्लेट दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "थँक्यू, आंटी." शेजारची मुलं फिसकन हसली. त्यांना सगळं ठाऊक होतंच. पण कोटा येईपर्यंत त्यांची गंमत संपली, आणि मी खरोखरच सगळ्यांची आंटी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती बोगद्यांनी. उजेड, अंधार, उजेड, अंधार. प्रत्येक बोगद्यात मुलं ओरडायची आणि बाहेर पडलं की एकदम गप्प व्हायची, कारण बाहेर इतकं हिरवं होतं की बोलायचं कुणाला सुचेना. मास्क कधी उतरले ते कळलंच नाही. खिडकीतल्या एका मुलाने वर पाहत विचारलं, "मॅम, यहाँ आसमान पे फ़िल्टर लगा है क्या?" मॅडमना रिटायर व्हायला एकच वर्ष उरलं होतं. त्या म्हणाल्या, "नहीं बेटा, फ़िल्टर तो दिल्ली में है, यहाँ उतरा हुआ है."

उतरलो तेव्हा दुपार झाली होती. लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, आणि एका वळणावर ते घर. पुढे सारवलेलं खळं, त्यावर भात झोडायचं काम चाललेलं. घरच्या काकी ओचा खोचून भाताची पेंढी उचलायच्या आणि लाकडावर आपटायच्या. दाणे उडायचे, उन्हात क्षणभर चमकायचे आणि खाली पडायचे. रोज वरणाबरोबर भात खाणारी आमची मुलं ते पाहत कितीतरी वेळ उभी राहिली.

जेवणानंतर सगळ्यांना तासभर आडवं व्हायला सांगितलं. वर्गात एक उंच, चष्म्याची मुलगी होती, फारशी न बोलणारी. ती माझ्याजवळ आली आणि हिंदीत हळूच म्हणाली, "आंटी, मुझे घर जाना है." मी तिला कुशीत घेतलं. ती रडली आणि रडता रडताच माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. तिचे केस विस्कटले होते, म्हणून ती उठून बसल्यावर मी तिची वेणी घालायला लागले. बाहेर झोडणीचा ठेका चालू होता. उंबऱ्यात सावली पडली म्हणून मी मान वर केली, तर माझी लेक उभी होती. माझ्या हातातल्या वेणीकडे तिने पाहिलं आणि निघून गेली. मला वाटलं, खेळायला गेली असेल.

संध्याकाळी समुद्र.

सुरूच्या बनातून वाळूची वाट होती. पायाखाली काड्यांचा मऊ थर, वर वाऱ्याचा तोच तो लांबलचक आवाज. मुलं भांडत, गात चालली होती. झाडं संपली आणि सगळी जागच्या जागी उभी राहिली. मी स्वतः लातूरकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर, बाविसाव्या वर्षी, आणि तेव्हा मीही अशीच उभी राहिले होते. मग सरांनी शिट्टी वाजवली आणि सव्वीस पिवळ्या टोप्या पाण्याकडे धावत सुटल्या.

गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, असा नियम होता. मी काठावर उभी राहून डोकी मोजत होते. ऊन तिरपं झालं होतं, ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, आणि त्या चकाकीत मुलांचे नुसते आकार दिसत होते. एक मुलगी बाकीच्यांपासून जरा दूर, दोन्ही हात पसरून उभी होती. लाट आली की ती टाचा उचलायची, गेली की टेकवायची. तिची ती मान, ते खांदे. मी तिच्याकडे किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. आज तिला एकटीला काय वाटत असेल, असं मनात येत होतं. मग ती वळली. ती माझी लेक नव्हतीच. माझी लेक माझ्यापासून दहा पावलांवर, वाळूत पोटावर पडून, खेकड्याच्या बिळात काडी घालत होती.

मला हसू आलं. पण दहा वर्षांत गर्दीत तिला ओळखायला मी चुकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत कोथिंबीर निवडत बसले होते. आत काकी खवणीवर नारळ खवत होत्या. आमची अट मी त्यांना आल्या दिवशीच सांगितली होती, आणि त्या खूप हसल्या होत्या. लेक आत आली आणि खोबरं मागून तिथेच बसली.

"तुझी आई कुठं असते गो?" काकींनी विचारलं.

"दिल्लीत."

माझा हात थांबला.

"काय करते?"

"ऑफिसात जाते." तिने खोबऱ्याचा एक घास घेतला. "ती खूप फास्ट चालते. मेट्रोत जागा असली तरी उभी राहते. घरी आली की पहिली दहा मिनिटं तिच्याशी बोलायचं नाही."

"आणि मग?"

"मग बोलायचं. संडेला ती खिडकीत बसते, काहीच करत नाही. तेव्हा मला ती सगळ्यात जास्त आवडते."

काकींनी दारातून माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत, फक्त पाहिलं आणि पुन्हा खवायला लागल्या. मी कोथिंबिरीत डोकं घातलं. आपण घरात दुसऱ्याला कसे दिसतो, हे असं मागच्या पडवीत बसून ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसभर मी मुद्दाम हळू चालले.

तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी आम्ही खडकांवर गेलो. समुद्र खूप आत गेला होता आणि खडकांच्या खळग्यांत राहिलेल्या पाण्यात वेगळंच जग मांडलेलं होतं. बोटाएवढे मासे, हात लावला की मिटणारी फुलं, पाठीवर शंख घेऊन चालणारे खेकडे. मुलं कुजबुजत बोलत होती, जणू मोठ्याने बोललं तर ते सगळं पळून जाईल. काकींनी आधीच बजावलं होतं, खडकाला कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार सुरीसारखी, चपला काढायच्या नाहीत. माझ्या लेकीने चप्पल काढली.

किंकाळी ऐकली आणि मी धावले. ती खडकावर बसली होती, तळव्यातून रक्त येत होतं आणि खालच्या स्वच्छ पाण्यात त्याचा गुलाबी धूर पसरत होता. मॅडम तिच्याजवळ पोचल्या होत्या. मी चार पावलांवर थांबले. का थांबले, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. शब्द दिला होता, एवढंच मनात होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, ओठ घट्ट.

"आंटी," ती म्हणाली, "पानी मिलेगा?"

मी बाटली उघडली, तिचा पाय धुतला, रुमाल बांधला.  

गावातल्या आरोग्य केंद्रात जायचं ठरलं. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आप ले जाइए, बच्ची आपकी है." लेकीने ते ऐकलं. "नहीं मैम, आप चलिए," ती म्हणाली. मग आम्ही तिघीही गेलो. ती आणि मॅडम रिक्षात मागे, मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून. समोरच्या आरशात तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

सिस्टरने जखम पाहिली, टाके लागणार नाहीत म्हणाली, धनुर्वाताचं इंजेक्शन काढलं आणि रजिस्टर उघडलं.

"पेशंटची आई कोण?"

मॅडमना मराठी येत नव्हती, तरी 'आई' त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेकीकडे पाहिलं. भिंतीवरचा पंखा कुरकुरत फिरत होता.

लेकीने मान खालीच ठेवली आणि बोट माझ्याकडे केलं. "ह्या," ती म्हणाली. "ह्या आहेत."

सिस्टरने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "आईला ह्या म्हणते? भलतीच शिस्त आहे हो तुमच्याकडे."

सुई टोचताना तिने उजव्या हाताने मॅडमचा हात धरला होता. डाव्या हाताच्या मुठीत माझ्या ओढणीचं टोक होतं. बाहेर आल्यावर तिने ते सोडलं, आणि रिक्षात मी पुन्हा पुढे बसले.

उरलेला वेळ ती लंगडत सगळ्यांच्या पुढे पुढे होती. पाय भिजवायचा नव्हता, म्हणून ती खळ्यावर बसून काकींकडून शब्द गोळा करत होती. ओहोटी, उधाण, पडवी, पेंढी. हे शब्द माझ्याकडे होतेच, पण दिल्लीत वापरायची वेळ न आल्याने मी तिला कधी दिलेच नव्हते.

परतीच्या गाडीत सगळी पेंगुळली होती. दिल्ली जवळ आली तसं मॅडमनी मास्क पुन्हा लावायला सांगितले. स्टेशनवर आई-बाप उभे होते, तिचे बाबाही. मुलं आपापल्या माणसांत मिसळली, चष्म्याच्या मुलीने मागे वळून हात हलवला. माझ्या लेकीने बाबांच्या गळ्यात हात टाकला आणि मग, पहिल्यांदाच, माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, भूक लागलीये."

त्यानंतरच्या रविवारी मी खिडकीत बसले होते. खाली कॉलनीतली कडुनिंबाची झाडं धुरकट उजेडात उभी होती. ती आली, शेजारी बसली, आणि म्हणाली, "तुला सांगू, सहलीला काय काय झालं?"

मी म्हणाले, "सांग."

तिने सुरुवातीपासून सांगितलं. बोगदे, भात, समुद्र, मी तिथे नव्हतेच अशा सुरात. मी "हो का?" म्हणत गेले, "मग?" विचारत गेले. पाय कापला तो भाग तिने दोनदा सांगितला. आणि मग म्हणाली, "पहिल्या दिवशी दुपारी ना, मी पेंढ्याच्या मागे जाऊन रडले. खूप. काकी आल्या, त्यांनी काहीच नाही विचारलं. माझ्या हातात एक पेंढी दिली आणि म्हणाल्या, आपट. मी आपटली. मग बरं वाटलं."

त्या दुपारी मी तिच्यापासून वीस पावलांवर होते. एका भिंतीपलीकडे, दुसऱ्याच मुलीची वेणी घालत. ते मी तिला बोलून दाखवलं नाही.

"का रडलीस?" एवढंच विचारलं.

"माहीत नाही. अट माझीच होती ना." तिने खांदे उडवले.  मग तिने विचारलं, "आणि तू काय केलंस इतके दिवस?"

 मी तिला सांगितलं. शेवटच्या दिवशी पहाट फुटताना मी एकटीच सुरूच्या बनातून गेले होते. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. पाणी राखाडी होतं, आभाळही तसंच, मधली रेघ दिसत नव्हती. चपला हातात घेऊन मी गुडघ्यापर्यंत आत गेले. नियम तेवढाच होता. लाट आली की पायाखालची वाळू सरकायची आणि मी थोडी खाली जायचे. काही आठवत नव्हतं, ऑफिस नाही, घर नाही.

"मी पण नाही?"

"थोडा वेळ, तू पण नाहीस."

ती विचारात पडली. रागावली असेल असं मला वाटलं, पण तिने माझ्या दंडाला डोकं टेकवलं.

"सलवार भिजली?"

"चांगलीच."

"मग?"

"मग सूर्य वर आला. काकींनी चहा ठेवला असेल म्हणून मी परत आले."

"अच्छा," ती म्हणाली, आणि आम्ही तशाच बसून राहिलो, आतून तिच्या बाबांनी जेवायला हाक मारेपर्यंत.