मधल्या सुट्टीतली रेघ

मी किती बोलतो हे आमच्या भागात कुणालाही विचारा. बेल्ह्याच्या बैलबाजारातले दलाल मला लांबून पाहिलं की वाट बदलतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक माझ्या गप्पांत अडकतं. माझ्या गोष्टीतला बिबट्या दर खेपेला हातभर वाढतो. मागच्या दिवाळीत त्याची शेपटी रस्त्याच्या अलीकडे होती आणि तोंड पलीकडे. अशा माणसाच्या पोटात एक गोष्ट इतकी वर्षं राहिली, यावर तुमचा विश्वास बसेल? राहिली. बायकोला नाही सांगितली. एका ताटात जेवलेल्या मास्तर मित्रांना नाही सांगितली. दोन-तीनदा अगदी ओठांपर्यंत आली — पण दर वेळी मधे एक बैल आडवा आला. कुठला बैल, ते पुढं कळेलच. तोही माझाच.

आधी त्यातलं सोपं सांगतो. मी जन्मभर गणिताचा मास्तर म्हणून मिरवलो, पण गणित माझा विषय नव्हता. माझी पदवी झाडापानांची. नव्वद सालानंतर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, घोड नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायला म्हणून लागलो. वर्षभरात गणिताचे सर सोडून गेले आणि हेडसर मला म्हणाले, "तुमचा आवाज मोठा आहे, तुम्हीच घ्या गणित." यात मी तिळभरही भर घातलेली नाही. आवाज मोठा होताच. मी वर्गात 'व्युत्क्रम कोन!' म्हणून गरजलो की तो शब्द डिंभ्याच्या धरणाला धडकून परत यायचा, आणि तोवर माझं पुढचं वाक्य तयार असायचं.

पण आवाजाच्या खाली काय होतं? एक गाईड. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कडांना हळदीचे डाग पडलेलं. घरी पाठ करायचं आणि वर्गात ओतायचं. पोरं आठवीतून नववीत गेली, नववीतून दहावीत गेली, माझ्यासमोरून पायऱ्या चढून वर निघून गेली. मी खालच्याच पायरीवर उभा राहून ओरडत होतो — चढा, चढा! बारा-चौदा वर्षं हे खपलं. का नाही खपणार? पोरांना गोष्टी आवडायच्या.

मग सुगंधा आली. आहुप्याकडची, पार डोंगरातली. आठवीला आमच्याकडे आली आणि गावातल्या वसतिगृहात राहिली. पाढ्यांत अडखळायची. सात आठे म्हटलं की खिडकीबाहेर बघायची, जणू छपन्न तिकडं चरायला गेलेत. चाचणीत जेमतेम पास. पण आकृती दिली की ती वही गोल फिरवायची. सगळ्या बाजूंनी बघायची — बाजारात अनोळखी गाय बघतात ना, तशी. घाई नाही. मग एकदम बोट ठेवायची, आणि ते बरोबर असायचं.

तिला मोजणीवाली व्हायचं होतं. लहानपणी तिच्या गावाकडच्या रस्त्याची मोजणी झाली होती. तिपाईवर दुर्बीण लावून माणसं आली, बापानं तीन दिवस त्यांची रंगीत काठी धरली, आणि जाताना कुणीतरी हिला उचलून दुर्बिणीतून बघू दिलं. बस. तेवढ्यावर पोरीचं ठरलं. वर्गात मी एकेकाला विचारलं तेव्हा कुणी डॉक्टर म्हणालं, कुणी फौजदार. ही म्हणाली, "मोजणीवाली." वर्ग हसला. मीही हसलो. पण तो गुन्हा नव्हे. तो पुढं आहे.

त्या दिवशी मी फळ्यावर एक गणित घेतलं. दोन समांतर रेघा, आडव्या. वरच्या रेघेवरून एक तिरकी रेघ निघते, मधेच कोपरासारखी वाकते आणि खालच्या रेघेला मिळते. वरचा कोन पस्तीस, खालचा चाळीस — तर कोपराचा कोन किती? गाईडात नुसतं उत्तर होतं: पंचाहत्तर. कसं आलं, ते नव्हतं. मी म्हटलं फळ्यावर सुचेल. नाही सुचलं. खडू हातात धरून मी उभा होतो, साठ डोळे पाठीवर होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात शब्द नव्हता. मधल्या सुट्टीची घंटा झाली. ती घंटा वाजवणाऱ्या शिपायाला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

स्टाफरूममध्ये गाईड उलटसुलट केलं. काही नाही. परत निघालो तर वर्गाच्या खिडकीतून दिसलं — पोरं सगळी बाहेर डबे खात होती आणि सुगंधा एकटी फळ्यापाशी होती. टाचा उंच करून. हाताशी पट्टी नव्हती. डाव्या हाताचा तळवा फळ्यावर टेकवून, त्याच्या कडेनं, कोपराच्या टोकातून तिनं एक रेघ ओढली. वरच्या-खालच्या रेघांना समांतर. पस्तीस वर अलग झाले, चाळीस खाली. संपलं. आकृतीच बोलायला लागली.

मी आत गेलो तशी ती दचकली. परकराला हात पुसत म्हणाली, "सर, मधी येक बांध घातला. खाचरात घालत्यात तसा."

मी काय म्हणालो असेन? शाबास? नाही. मी म्हणालो, "जा, डबा खा."

आणि सुट्टीनंतर — इथंच बैल जन्मला. मी वर्गापुढं उभा राहिलो आणि सांगितलं की काल मी बेल्ह्याच्या बाजारात होतो. दोन टेंपो शेजारी शेजारी, अगदी समांतर उभे. मधून एक खिल्लारी बैल उधळला, शिंगाला लाल गोंडा! एका टेंपोला त्याचा दोर बांधलेला, दुसऱ्या टेंपोवरून धनी ओढतोय, आणि दोर मधे बैलाच्या मानेशी कोपरासारखा वाकलाय. बैलानं दोन्ही टेंपो ओढत आळेफाट्यापर्यंत नेले असते, पण एका म्हाताऱ्यानं आपली काठी मधोमध आडवी धरली — आणि मुलांनो, माझ्या डोक्यात वीज चमकली! हे म्हणून मी त्या रेघेवर खडू गिरवला. जाड. तिच्या रेघेवर माझी.

वर्ग लोटपोट झाला. सगळ्यांत जास्त कोण हसलं? सुगंधा. दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती. तिला वाटलं सरांना तिची रेघ आवडली. इतकी आवडली की सरांनी तिच्यावर गोष्ट केली.

त्या हसण्यात कुठं काटा होता? नव्हता. तरी त्या दिवसापासून मला तो टोचायला लागला. मी फळ्याकडे वळलो की पाठीमागं ती वही फिरवत असेल असं वाटायचं. उद्या पुन्हा अडलो तर? परवा? बैल तरी किती आणणार?

त्याच सुमारास 'सामान्य गणित' नावाचा विषय आला होता. ज्यांना बीजगणित-भूमिती झेपत नाही त्यांनी नववीला हा सोपा विषय घ्यायचा आणि दहावी सुटायची. चांगली सोय होती, खरंच सांगतो. त्यानं कितीतरी पोरं तरली. पण एक मेख होती. तो विषय घेतला की पुढं सायन्स बंद, डिप्लोमा बंद. जिना तिथंच संपतो. आणि तो वर्ग मी घेणार नव्हतो, दुसरे सर घेणार होते.

हेडसरांनी मला यादी करायला सांगितली. मी अकरा नावं लिहिली. मग बारावं लिहिलं.

कुणी हटकलं नाही. हटकणार कसं? तिचे गुण कमी होतेच, कागद माझ्या बाजूनं होता. फक्त पालकाची सही हवी होती. तिचे वडील, चिंधूभाऊ, पहाटेची एसटी धरून आले. टोपी काढून खुर्चीच्या कडेवर बसले — पूर्ण खुर्चीवर नाही. घोंगडीतून एक पुडकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं: हिरडे होते, "सरांच्या खोकल्याला". पोरीनं सांगितलं असणार की सर ओरडून शिकवतात, घसा बसतो.

मी त्यांना समजावलं. सोपं गणित आहे, पोरगी नापास व्हायची नाही. ते ऐकत होते. मग कागदावरून बोट फिरवत त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"ह्ये घ्येतल्यावं तिला फुडं मोजणीच्या शाळंत जाता येईन ना, सर?"

बघा — इथं सगळं थांबलं होतं. माझ्या जिभेवर दोन उत्तरं होती. खरं उत्तर तीन अक्षरांचं होतं, 'नाही हो'. मला लांबलचक खोटं बोलता येतं, बिबटे वाढवता येतात, धरणं घुमवता येतात. त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यांत छोटं खोटं बोललो.

"येईल की," मी म्हणालो.

"मंग काय. तुमी म्हंता तर बरंच आसंल," असं म्हणून त्यांनी सही केली. एकेक अक्षर खाचरात रोप लावल्यासारखं, खाली वाकून. जाताना माझ्या पाया पडायला गेले. मी धरलं त्यांना. तेवढं तरी केलं, असं मी पुढं किती दिवस स्वतःला सांगत होतो.

दहावीला ती सामान्य गणितात शाळेत पहिली आली. आम्ही तिला नारळ दिला, फुलं दिली. पंधरा दिवसांनी बाप-लेक मोजणीच्या डिप्लोमाचा फॉर्म भरायला गेले. खिडकीवरच्या माणसानं गुणपत्रिका बघितली आणि परत सरकवली: हे गणित चालत नाही. दुसऱ्या दिवशी सुगंधा शाळेत आली. रडली नव्हती. मला वाटतं ती सगळ्या बाजूंनी बघत होती, वही फिरवल्यासारखी. म्हणाली, "सर, चालतंय म्हन्ला होता ना तुमी?"

आणि मी पुन्हा — दुसऱ्यांदा — "यंदाच नियम बदलला बघ. सरकारचं काही खरं नाही."

ती म्हणाली, "मंग त्याला तुमी काय करणार, सर."

मला सोडवून ती निघून गेली.

नंतरचं थोडक्यात. तिनं आर्ट्सला नाव घातलं, बारावी केली, मग चिंधूभाऊंनी तिला लग्न करून पारगावात दिली. तिथं कारखान्याच्या रस्त्याला तिचं शिवणाचं दुकान आहे आणि ते चांगलं चालतं. मी इकडे 'रेघवाले सर' झालो. तालुक्याच्या शिक्षक मेळाव्यात मला बोलवायचे आणि मी बैल सोडायचो. लोक म्हणायचे, गणित असं शिकवावं. मी तो बैल इतक्या वेळा सांगितला की त्याचा वास यायला लागला मला. असं होतं का तुमचं कधी? खोटं इतकं वापरातलं होतं की ते खऱ्यापेक्षा जवळचं वाटतं?

निवृत्तीनंतर मी गावी आलो. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी दारात स्कूटी थांबली. सुगंधा. गळ्यात मोजायची टेप तशीच — दुकानातून उठून आली होती, काढायची विसरली होती. मागं तिच्या दिराची पोरगी, आठवीत गेलेली.

"सर, हिला भूमितीचं भ्या वाटतंय. म्हन्लं तुमच्याकडंच न्यावं," ती म्हणाली. चिंधूभाऊंचं विचारलं. बरे आहेत, कान गेलेत. मग चहा घेताना सहज म्हणावं तसं म्हणाली, "त्ये सामान्य गणित बंद झालं म्हनं आता."

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं."

एवढंच. बशी खाली ठेवली, पुतणीकडे वळली. "सरांना त्या मधल्या रेघंचं इचार. लई भारी रेघ मारत्यात सर."

मी कागद घेतला. दोन समांतर रेघा, मधे कोपर. कोपराच्या टोकातून ती रेघ ओढली. पोरगी वाकून बघत राहिली. मग तिनं डोकं वर केलं आणि विचारलं, "सर, ही तुम्हाला सुचली कशी?"

आता तरी? समोर सुगंधा बसली होती. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. वाक्य एवढंसं होतं, बोटानं दाखवलं असतं तरी चाललं असतं.

मी बैल सोडला. दोन टेंपो, वाकलेला दोर, म्हाताऱ्याची काठी. पोरगी खिदळली. सुगंधाही हसली, जिथं हसायचं तिथंच, तसंच दोन्ही हातांनी तोंड दाबून. आणि मी संपवलं तेव्हा हळूच म्हणाली,

"सर, गोंडा राह्यला. लाल गोंडा व्हता त्याच्या शिंगाला."

"हो, हो," मी म्हणालो. "लाल गोंडा."

बैल नव्हता. गोंडा नव्हता. त्या आठवड्यात मी बेल्ह्याला गेलोच नव्हतो. मधल्या सुट्टीत एक पोरगी टाचा उंच करून फळ्यापाशी उभी होती, आणि ती रेघ तिची होती. आणि तिच्या बापानं विचारलं तेव्हा मला माहीत होतं.