अपेक्षित उत्तर

लॉकडाऊनमध्ये बीएडचे सराव पाठ मी मोबाईलसमोर दिले. विद्यार्थी म्हणून समोर माझ्याच वर्गातल्या मैत्रिणी असायच्या. पाठाच्या टाचणात ‘अपेक्षित उत्तर’ असा एक रकाना असतो. तो मी आदल्या दिवशी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायची आणि त्या तेच उत्तर द्यायच्या. सगळ्याच तसं करायच्या. वेगळं उत्तर आलं तर काय करायचं, हे कोणाला ठाऊक होतं?

शाळा उघडल्यावर अंबरनाथ पश्चिमेला पाचवीच्या खऱ्या वर्गासमोर पहिल्यांदा उभी राहिले. मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई शेऱ्याचा कागद घेऊन बसल्या होत्या. मी टाचण घट्ट धरून विचारलं, “आपल्या घरी पाणी कुठून येतं?”

रकान्यात लिहिलं होतं, बारवी धरणातून.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. “टँकरमधून, टीचर.”

मी टाचणात पाहिलं. रकान्यात टँकर नव्हता.

“चूक. धरणातून. बस खाली.”

ती बसली. त्यानंतर एकही हात वर आला नाही.

बाईंनी शेरा दिला, ‘आत्मविश्वास चांगला.’

त्याच सकाळी, चामटोलीत आमच्या दारात आलेल्या टँकरचे दोन हंडे मीच भरले होते.