बेबीताईचा आवाज आणि पेल्यातले बुडबुडे

शेजारी डॉक्टरीण राहायला आली की किस्से गोळा करायला जावं लागत नाही, दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून आपसूक आपल्या अंगणात उतरतात. आमच्या शेजारची अनघा घशाची डॉक्टर. घोगऱ्या झालेल्या आवाजांवर संशोधन करते. आणि मी काय, दुपारची भांडी झाली की गडग्यालाच टेकलेली!

*

अशीच एक दुपार. सगळी आळी पेंगलेली आणि अनघाच्या पडवीतून गुंऽऽ गुंऽऽ. मला वाटलं, मधमाश्यांनी पोळं धरलंय. डोकावले तर एक मास्तरीण, एक कंडक्टर, एक भजनीबुवा. तोंडात स्ट्रॉ, समोर पाण्याचे पेले, आणि डोळे मिटून बुडबुडे काढत गुणगुणतायत!

"अगो, नुसतं पाणी काय देतेस? सरबत तरी दे!"

"काकी, हाच उपचार आहे. घशातल्या पडद्यांवरचा ताण कमी होतो. त्यांच्यावर आलेल्या गाठी कितपत विरतात, तेच बघतेय."

*

मग मीही घरी पेला घेऊन बसले. ह्यांनी पेपर खाली केला.

"घशाला काय झालं?"

"काही नाही, सहज."

"मग रोज कर. घर किती शांत वाटतंय!"

*

अनघाकडे येणाऱ्यांतलीच एक बेबीताई. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची. बोटींच्या इंजिनांवर ओरडून ओरडून आवाज पार फाटलेला. पावसाळ्यातली मासेमारी बंद होती, तेवढाच अवधी. बोटी परत सुटेपर्यंत आवाज आला नाही, तर पुकारायला दुसरी उभी राहणार, असं तिला बंदरावर तोंडावर सांगितलेलं.

अनघाने दुर्बिणीतून तिचा घसा टीव्हीवर दाखवला. लुकलुकत्या दिव्यात ते इवलेसे पडदे लाटांसारखे अगदी संथ हलत होते, कडेला दोन बारीक गाठी. बेबीताई टीव्हीजवळ सरकली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भरती लागलीय की गो!"

*

आधी आठवडाभर मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा जास्तच शिणतो. बेबीताईने कडक पाळलं. पण गप्प माणसाशी आपल्याला तरी मोठ्याने कुठे बोलवतं? तिचा नवरा आठवडाभर तिच्याशी कुजबुजतच बोलला. तपासणीला दोघं आली, तर आवाज बसलेला त्याचा! अनघाने त्याच्याही हातात स्ट्रॉ दिली.

*

पुढे पुकारायची नवी रीत. गळा ताणायचा नाही, पोटातून श्वास सोडत सूर लांबवायचा. सराव आमच्या परसात. धुकट पावसात बेबीताई आंब्याच्या कलमांसमोर उभी राहून "सुरमईऽऽ" करायची.

"काकी, कलमं काय भाव बोलत नाहीत!"

"हापूस तो! पटकन बोलेल होय?"

*

बंदी उठली. पहिल्या लिलावाला अनघा आणि मी बंदरावर. अनघा माझ्या कानात म्हणाली, "एक गाठ अजून जराशी उरलीय, काकी." पलीकडे ती दुसरी बाई पदर खोचून तयारच.

बेबीताई टोपल्यांपुढे उभी राहिली. श्वास घेतला.

"आऽली… सुरमईऽऽ…"

ओरडणं नव्हतंच ते. सूर पाण्यावरून सरकत पार पलीकडच्या बोटींपर्यंत गेला. बर्फ फोडणाऱ्याचा हात थांबला. व्यापारी नुसते उभे. एकही भाव येईना.

बेबीताईचं तोंड उतरलं. "ऐकू नाय आलं काय?"

सगळ्यात जुने व्यापारी, दाऊदचाचा, एका उपड्या टोपलीवर बसले.

"आलं गो पोरी, आलं. परत एकदा पुकार. भाव मग बोलतो."