पाळीवरच्या जांभळांच्या पार्वताबाई

मंगलाचा फोन आला तेव्हा मी टाक्या धूत होतो. जांभळं पिकायला पंधरा दिवस होते. "भाऊ, आई गेली," एवढंच ती बोलली. पार्वताबाई मंगलाच्या सासूबाई. आमच्या जांभळाच्या वाईनची झाडं त्यांनी निवडलेली. बाटलीवर मात्र नाव माझं असतं.

नाशिककडे मी सहा वर्षं एका वायनरीत होतो. तिथे जुन्या, निवडक मळ्यांतल्या द्राक्षांची लाल वाईन वेगळी काढत, अगदी थोडी. ब्रह्मपुरीजवळ गावी परतून परवाना काढला तेव्हा जांभळाचं तसंच काहीतरी करायचं मनात होतं. पण कुठली झाडं धरायची ते कळेना. लोकांनी पार्वताबाईंचं घर दाखवलं. घरचा धंदा तलावातल्या मासेमारीचा, मोसमात त्या टोपली घेऊन जांभळं विकत. तीन दिवस त्यांनी मला हिंडवलं. प्रत्येक झाडाखाली एकच फळ तोंडात ठेवायच्या. "हे नुसतं गोड हाय, बजारातलं. हे जिभेले धरते. हे तुह्या कामाचं." शेवटी अकरा झाडं ठरली, सात तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, आणि चार नाल्याच्या वळणावरची. सगळी त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीची.

त्यांचा नवरा दारूने गेला होता, हे मला नंतर कळलं. मग या कामात त्या कशा आल्या, असं मी भीतभीतच विचारलं. त्या टोपलीतली पानं वेचत होत्या. "त्याले लोकं काहीबी मिसळून देत होते," त्या म्हणाल्या. "तू मिसळू नको, बाबू."

तिसऱ्या वर्षी मी मिसळलं. वादळाने मोहोर झडला होता आणि नागपूरच्या एका हॉटेलला शब्द देऊन बसलो होतो. बाजारातली जांभळं आणून भर घातली. पार्वताबाई वाईन चाखत नसत, त्यामुळे त्यांना कळणार नाही असं मी धरून चाललो. एका दुपारी त्या शेडमागे आल्या, बियांच्या ढिगाशी उकिडव्या बसल्या आणि चारदोन बिया तळहातावर फिरवल्या.

"ह्या पाळीवरच्या नाईत."

"फळ कमी होतं, बाई."

"मंग बाटलीच्या चिठ्ठीवर पाळीचं नाव काऊन लिवलं?"

त्या उठून गेल्या आणि पुढे तीन महिने आल्या नाहीत. शेवटी मी हॉटेलला खरं ते कळवलं, ती ऑर्डर गेली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पाण्यात भिजवून एकेक काढल्या. दसऱ्याला सोनं द्यायला गेलो आणि उंबऱ्यावरच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आत पाहून म्हणाल्या, "मंगला, च्या ठेव."

गेल्या वर्षी तोडणीला सुरुवात झाल्यावर दम्याने त्यांचं चालणं बंद झालं. मी प्रत्येक झाडाची फळं वेगळ्या ताटलीत घेऊन खाटेशी बसलो. त्या डोळे मिटून चाखत, झाड सांगत. नवव्या ताटलीला चुकल्या. नाल्याकाठचं फळ होतं, त्या पाळीवरचं म्हणाल्या. मी "हो" म्हटलं. आजारी माणसाला काय दुखवायचं... दुसऱ्या दिवशी सकाळी मंगला शेडवर आली. "आईनं सांगतलं, ते नाल्याचं होतं. तिच्या म्हणण्यावरून भलत्या टाकीत टाकू नका. अन् म्हने, बाबूले सांग, मले बरं वाटावं म्हणून हो म्हणू नको."

या वर्षी तोडणीला प्रथमच त्यांच्याशिवाय निघालो. फटफटीत उजाडायच्या आत पाळीवर पोचलो तर सगळ्या झाडांखालची जमीन लख्ख झाडलेली, पालापाचोळा बाजूला लोटलेला. नाल्याच्या वळणावर मंगला खराटा घेऊन उभी होती, पदर खोचलेला.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"कोनी नाई," ती म्हणाली. "आई दरवर्सी झाडत होती ना, तुमी येच्या आंधी. तुमाले मालूम नाई?"

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं मी तिथे येऊन फळं झेलायला सरळ चादरी अंथरत होतो. झाडांखालची जागा तशीच असते, असं मला वाटायचं.